हुपरीची चांदी व आम्ही बायका

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत गावच्या धंद्याविषयी काहीतरी असावे, असे बैठकीत ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण लग्न होऊन या गावात आल्यापासून मी चांदीच्या कड्या जोडीत आहे, आणि वडीलधारी माणसे बोलत ते कान देऊन ऐकत आले आहे. तेवढ्या शिदोरीवर लिहिते. भगिनींनी चूकभूल पोटात घालावी.

माझे माहेर जत तालुक्यातले, कोरड्या मुलखातले. आमच्या आजीच्या पायांत चाळीस तोळ्यांचे तोडे होते. मी ते पाहिलेले नाहीत. १९७२ च्या दुष्काळात ते विकले गेले आणि आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. मी लहान असताना ती आपल्या घोट्यावर बोट टेकवून म्हणे, "हितं घट्टा हुता बघ. तोडं गेलं तरी घट्टा लई वर्सं ऱ्हायला." तोड्यांचे रूप कसे होते असे विचारले की ती अंगणातले जोंधळ्याचे कणीस उचलून दाखवी. दाणा दाण्याला चिकटलेला, मधून एक पीळ गेलेला.

पुढे मी हुपरीत नांदायला आले. पहिल्याच आठवड्यात आमच्या घरच्या भट्टीवर मोड आली होती. मोड म्हणजे आटवायचे जुने दागिने. वाळे, जोडवी, मासोळ्या, एक लहान मुलाचा करगोटा, सगळे एका मुशीत घातले. वर टाकणखाराची चिमूट पडली आणि बघता बघता त्या साऱ्याचा एकच लखलखीत गोळा होऊन हलू लागला. कोणाचा करगोटा आणि कोणाची जोडवी, काही उरले नाही. आजीचे तोडे कुठे गेले असतील याचा उलगडा मला तेव्हा झाला. त्या रात्री मला जेवण गेले नाही. सासूबाईंना वाटले, नवी सून माहेरच्या आठवणीने रडते आहे. तेही खोटे नव्हते.

पायात सोने घालायचे नाही ही आपली जुनी चाल, म्हणून कमरेखालचा सारा मान चांदीला. शेतकऱ्याच्या घरी तर चांदी हीच पेढी होती. सुगीला घ्यायची, अडीनडीला मोडायची. पूर्वी पुष्कळ दागिने रुपये आटवूनच घडत. राणी छाप आणि राजा छाप रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे, आणि वजन बरोबर एक तोळा. म्हणून "चाळीस रुपये भाराचे तोडे" असे म्हटले की सोनारालाही कळे आणि सावकारालाही. १९४० साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, १९४७ साली निकेलचाच रुपया आला. तेव्हापासून रुपया आटवणे संपले. पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि तोळ्याच्या जागी ग्रॅम आले. तरी आमच्या सासूबाई अजून तोळ्यातच बोलतात. एक तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या थोडे वर.

हुपरीत हा धंदा १९०४ च्या सुमारास कृष्णाजी रामचंद्र पोतदार या सोनारांनी नेटाने मांडला, असे गावात सांगतात. त्याआधी गावोगावी सोनार होतेच. पण गिऱ्हाईक दारात येईल तेव्हा घडवायचे ही जुनी रीत सोडून माल आधी घडवायचा आणि पेटीत घालून परमुलखात विकायला न्यायचा, ही चाल इथे वाढली. हळूहळू सोनार नसलेल्या घरांतूनही भट्ट्या पेटल्या. रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली या शेजारच्या गावांतही काम पसरले. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, चौदा कॅरटच्या वर सोन्याचा दागिना घडवण्यास बंदी झाली आणि देशभर सोनारांच्या चुली विझल्या. चांदीवर असे बंधन नव्हते.

हा सारा इतिहास पुरुषांच्या नावाने सांगतात, आणि भट्टीपुढे, बाजारात, परगावी तेच होते हे खरे आहे. पण हुपरीचे पैंजण ज्याने हातात घेतले असेल त्याने त्यातल्या कड्या मोजून पाहाव्यात. चांदी आटवून तिची कांब ओततात, ठोकतात आणि जंत्रीच्या एकाहून एक लहान भोकांतून तार ओढतात. ओढता ओढता चांदी कडक होते. मध्येच लाल होईतो तापवून ती मऊ करावी लागते, नाहीतर तटकन् तुटते. ती तार सळईवर गुंडाळून कापली की कड्या पडतात. इथून पुढे त्या बायकांच्या पदरात येतात. दुपारची भांडी उरकली की सुपात कड्या घेऊन उंबऱ्यात बसायचे, उजेड सोडायचा नाही, दोन चिमट्यांनी एकीत दुसरी गुंतवायची. शेकडो कड्यांची एक साखळी. मग ती झाळायला परत भट्टीवर जाते. कड्या वजनाने आणायच्या आणि साखळी वजनाने द्यायची. खाली सांडलेली कडी शोधायला आम्ही अंगण किती वेळा झाडले असेल! तरी काही कण जातातच. पूर्वी झारेकरी येऊन भट्टीची माती आणि गटाराचा गाळ विकत नेत, धुऊन त्यातून चांदी काढीत. आमच्या केरालाही भाव होता, हे सासूबाई मोठ्या डौलाने सांगतात.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते.

२०११ साली मी एक नमुना काढला. आजीने सांगितलेले कणीस डोक्यात होतेच. आधी तांब्याच्या तारेवर करून पाहिले, कारण चांदी बिघडवायची ऐपत नव्हती. मधून दोन तारांचा पीळ, दोन्ही अंगांना लहान कड्या, आणि प्रत्येक कडीच्या पोटात एक रवा. पहिल्या खेपेस रवे फार मोठे झाले, घोट्याला टोचले. दुसऱ्या खेपेस पीळ सैल पडला. चौथ्या वेळी बसले. ते मी ज्यांचे काम करीत होते त्या व्यापाऱ्यांना दाखवले. त्यांनी ते हातात फिरवले, "बरं आहे" म्हणाले आणि शंभर जोड्यांच्या कड्या दिल्या. मजुरी मात्र नेहमीचीच, वजनावर. मला त्यातही आनंदच होता.

पुढच्या वर्षी अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला गेले असता गुजरीत एका दुकानाच्या काचेत माझे कणीस दिसले. चिठ्ठीवर नुसता एक आकडा होता. मी विचारले, तर दुकानातला मुलगा म्हणाला, "हे बाहेरचं डिझाईन आहे, मावशी. राजकोटकडचं." मी काहीच बोलले नाही. काय बोलणार होते!

घरी येऊन सांगितले, तर हे म्हणाले, "मजुरी मिळाली ना? नमुन्याला कोण विचारतंय?" सासूबाई मात्र हातातले चिमटे खाली ठेवून म्हणाल्या, "तुझं एकटीचं न्हवं ते." मग त्यांनी शेजारच्या एका काकूंची हकीगत सांगितली. त्या काकूंनी तुळशीपुढल्या रांगोळीची गोपद्मे पैंजणात बसवली होती आणि तो माल कितीतरी वर्षे चालला. काकूंच्या सुनेलाही ते ठाऊक नाही. तीस-चाळीस वर्षांतले असे पाच-सहा नमुने सासूबाईंनी बोटांवर मोजले. प्रत्येकामागे एक बाई होती.

त्या रात्री मला आणखी एक गोष्ट सुचली आणि ती अजून सुटलेली नाही. कणीस माझे म्हणावे, तर ते आजीच्या तोड्यांवरचे होते. ते तोडे जतेकडच्या कुठल्या सोनाराने घडवले, त्याने कोणाचे पाहून घडवले, कोण जाणे. मग नमुना माझा तरी कसा? पण राजकोटचा नव्हे, एवढे मी शपथेवर सांगेन.

हल्ली धंद्याचे रूप पालटले आहे. साखळ्या करणारी यंत्रे आली. मेणाचा साचा करून एका वेळी ढीगभर नग ओततात. शिकलेल्या मुली जड पैंजण घालीत नाहीत. त्यांना शंभरात साडेब्याण्णव भाग चांदीची हलकी कर्णफुले, चांदीची नथ, चांदीची ठुशी हवी असते, आणि तीही काळवंडलेली. सासूबाईंचा जन्म रिठ्याने घासून चांदीचा काळेपणा घालवण्यात गेला. आता गंधकाचे औषध लावून मुद्दाम काळे करतात आणि उठाव तेवढा उजळतात. मला ते आवडते, कारण तशाने वीण नीट दिसते. यंत्राची कडी आणि हाताची कडी त्यात लगेच ओळखू येते.

२०२५ साली चांदीचा भाव किलोला दीड लाखाच्या पुढे गेला. आजीचे तोडे तेव्हा असते तर सत्तर हजारांच्या वर झाले असते. त्या भावाने जड मालाला गिऱ्हाईक उरले नाही आणि कित्येक घरी कड्या येणे थांबले, आमच्याही. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून चांदीच्या दागिन्यावर सहा अक्षरे-आकड्यांची सरकारी खूण घालण्याची सोय झाली. ती सक्तीची केली नव्हती. त्या खुणेवरून टंच कळतो, विकणारा कळतो. हे चांगलेच झाले, कारण टंचाच्या बाबतीत गिऱ्हाईक फार फसले आहे. फक्त नमुना कोणाचा, हे तीत नाही.

म्हणून आपल्या बचत गटातल्या आम्ही सातजणींनी थोडी चांदी एकत्र घेऊन कणसाची कर्णफुले केली. जोडी साडेसहा ग्रॅमची. पहिल्या वीस जोड्यांत तीन बिघडल्या, त्या परत मुशीत गेल्या. बाकीच्या विकल्या. त्याबरोबर एक वही केली आहे. नमुना कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घेतो, शेजारी तारेची जाडी, कड्यांची संख्या, वजन, आणि करणारीचे नाव. काकूंची गोपद्मे सासूबाईंनी आठवून काढून दिली; त्यांचा हात आता कापतो, तरी रेघ ओळखू येते.

ज्या भगिनींच्या घरी जुनी जोडवी, वाळे, तोडे असतील त्यांनी ते मोडीत घालण्यापूर्वी एकदा मंडळात आणावेत. बुधवारी दुपारी तीननंतर आम्ही असतो. आखून घ्यायला पाव तासही लागत नाही. दागिना लगेच परत मिळेल, वजन करूनच घेऊ व वजन करूनच देऊ.