वंडीतून तंजावरला

साल 1879. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या देवळात दर्शन घेऊन तुम्ही बाहेर येता. दोन्ही बाजूंना कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भातखाचरं आणि समोर बैल जुंपलेली वंडी. तंजावर इथून दहाएक कोस. गाडीवान सुरुट्टू शिलगावतो. मागून घोड्यावर आलेला गोरा अंमलदार त्या सुरुट्टूला ‘चेरूट’ म्हणतो, वंडीला ‘बँडी’. दुपारी केळीच्या पानावर भात आणि मिळगु-तण्णी, म्हणजे मिऱ्यांचं झणझणीत पाणी. घशाखाली उतरताच डोळ्यांत टचकन पाणी येतं. साहेबाच्या टेबलावर हेच पाणी मांसाच्या रश्शात मिसळून ‘मलिगटॉनी’ झालेलं असतं.

दिवस कलताना राजवाडा गाठता. आत मराठी कानावर पडते आणि जीव सुखावतो. 1855 साली इथलं भोसल्यांचं राज्य खालसा झालं, पण सर्फोजीराजांनी जिवापाड जपलेला ग्रंथसंग्रह शाबूत आहे. त्या ताडपत्रांवर एक इंग्रज ओणवा झालाय: आर्थर कोक बर्नेल, इथला जिल्हा न्यायाधीश. चाळिशी गाठायची आहे, पण तब्येत पार ढासळलेली. न्यायदानाचं काम सांभाळून तो या संस्कृत पोथ्यांची सूची करतोय. पुढच्याच वर्षी ती लंडनला छापून पुरी होईल.

त्याचा दुसरा ध्यास म्हणजे हिंदुस्थानात राहून इंग्रजांच्या तोंडी बसलेले शब्द. तिकडे लंडनला कर्नल हेन्री यूल तेच गोळा करतोय. 1872 मध्ये दोघांची गाठ पडली आणि तेव्हापासून पत्रांतून कोश वाढतोय. काय एकेक शब्द! ‘अप्पर रॉजर’ म्हणजे चक्क युवराज. ‘स्नो रुपी’चा बर्फाशी काडीचाही संबंध नाही, ते तेलुगूतल्या अधिकार, चलन अशा अर्थाच्या शब्दाचं इंग्रजी रूप. ‘बमेलो’ म्हणजे आपला बोंबील, आणि ‘मंगूस’ तर तुम्ही लगेच ओळखाल.

बर्नेलला पुस्तक पाहायला मिळालं नाही. तो 1882 मध्ये गेला. यूलने एकट्याने काम तडीस नेलं आणि 1886 मध्ये दोघांच्या नावाने ते प्रसिद्ध केलं. मोहरमच्या ‘या हसन, या हुसेन’ या घोषाचं गोऱ्या शिपायांनी जे केलं, तेच या कोशाचं नाव: ‘हॉब्सन-जॉब्सन’. इंग्रजीत इतका रसाळ कोश दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याचा अर्धा कर्ता भोसल्यांच्या तंजावरात पोथ्या चाळत होता, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, याची खंत वाटते.

विल्यम क्रुकने वाढवलेली 1903 ची आवृत्ती आज इंटरनेटवर फुकट वाचता येते. ती जरूर उघडा आणि आधी ‘ब’मधला बोंबील शोधा.