रथाचा दोर कोणाच्या हाती?



चैत्र हा आमच्या पंचवटीत रथांचा महिना. कामदा एकादशीला काळाराम मंदिरापासून रामरथ आणि गरुडरथ निघतात. दोनच दिवसांनी, चैत्र शुद्ध त्रयोदशीला, भगवान महावीरांच्या जन्मकल्याणकाची शोभायात्रा असते. रथ दोन, देव वेगळे. पण दोन्हींकडे बघताना मला एकच प्रश्न पडतो. रथात कोण बसले आहे हे सगळे बघतात, दोर कोणाच्या हातात आहे हे कोण बघते?

काळारामाचे मंदिर पेशवाईत सरदार रंगराव ओढेकरांनी काळ्या पाषाणात बांधले. रथाच्या दिवशी इथे प्रत्येकाची जागा ठरलेली असते. रामरथ ओढण्याचा मान पाथरवट समाजाचा, धुरा रोकडोबा तालमीकडे आणि गरुडरथ अहिल्याराम व्यायामशाळेकडे. दगड घडवणाऱ्यांकडे दगडी देवळाच्या रथाचा दोर असावा, हे किती शोभते! मानकरी पुजारीबुवा रामाकडे तोंड करून रथापुढे उलट्या पावलांनी चालतात. गरुडरथ गोदावरी ओलांडून जुन्या नाशकात जाऊन येतो, रामरथ मात्र नदी ओलांडत नाही. शेवटी रामकुंडावर अवभृथ स्नान होते.

मी शिकले कॉमर्स, त्यामुळे मला मिरवणूक खतावणीसारखी दिसते. गावात कोणाच्या नावावर काय जमा आहे, ते त्या दिवशी रस्त्यावर वाचता येते. आणि कोणाचे खातेच उघडलेले नाही, तेही.

ते खाते उघडा, असे सांगायला १९३० साली हजारो माणसे याच पंचवटीत आली होती. २ मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे सगळे दरवाजे बंद होते. बंद दारांपुढे पुरुष बसले, बायकाही बसल्या. महिनाभर असे चालल्यावर रथाचा दिवस आला, ९ एप्रिल. दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढायचा, अशी तडजोड झाली होती. पण सत्याग्रहींचे हात दोराला लागण्याआधीच रथ पळवून नेला गेला. दगडफेक झाली, माणसे जखमी झाली.

त्या तडजोडीचा मी पुष्कळदा विचार करते. देवळाच्या आत जाणे तर दूरच, रस्त्यावरचा दोर धरायचा होता. तो दोर तरी कसला, सुताचा! पण मान असतो तो अशाच वस्तूंत. दोर एकदा हातात आला की ‘हा देव तुमचाही’ हे बोलून दाखवायची गरज उरत नाही. म्हणूनच तो द्यायला इतका विरोध झाला. सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून मरणार नाही.

इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या आणि त्यांनी त्यावर लेख लिहिला. एकाच विठ्ठलाचे नाव घेत चालणारी माणसे जेवायला मात्र जातवार वेगळी बसतात, हे त्यांना फार लागले. सण माणसांना जवळ आणतो हे खरे. पण किती जवळ, याची रेघही तोच मारतो.

आता कोणी म्हणेल, हे सारे दुसऱ्यांचे, आपल्याकडे जात कुठे आहे? मैत्रिणींनो, थोडे थांबूया. आपल्याकडे अनेक ठिकाणी मान बोलीने ठरतो. प्रभूंना घेऊन रथात कोणी बसायचे, चामर कोणी ढाळायचे, आरती कोणी करायची, सगळ्याची बोली. अनेक संघांत ती आजही तुपाच्या मणांत बोलतात आणि मणाचा भाव संघ ठरवतो. या पद्धतीत एक मोकळेपणा आहे, कारण मान जन्माने मिळत नाही. पण ज्याच्याकडे मण नाहीत तो बघतच राहतो.

इतिहासाचे एक पान आपलेही आहे. १९४७ मध्ये मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. जैन मंदिरांना तो लागू करू नये, म्हणून आचार्य शांतिसागर महाराजांनी सुमारे तीन वर्षे अन्नत्याग केला. जैन धर्म स्वतंत्र आहे, हे त्यांचे म्हणणे होते. अकलूजच्या मंदिराचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९५१ मध्ये निकाल जैनांच्या बाजूने लागला. पुढे १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने मंदिरप्रवेशापुरते जैनांनाही त्यात धरले. महाराजांच्या तपापुढे माझे मस्तक नमतेच. धर्माची वेगळी ओळख जपणे मला पटतेही. पण त्या ओळखीच्या कुंपणाबाहेर जी माणसे उभी राहिली, त्यांना त्या निकालाने काय वाटले असेल, हा प्रश्न आपल्या घरांत क्वचितच निघतो.

उत्तर आपल्याच समवसरणात आहे. तीर्थंकरांची ती धर्मसभा डोळ्यांपुढे आणा. बारा सभा, देव, साधू-साध्वी, श्रावक-श्राविका आणि पशुपक्षीसुद्धा. सिंह आणि हरीण शेजारी बसतात. प्रभूंचे मुख चारही दिशांना दिसते, म्हणजे त्यांची पाठ कोणाकडेच नाही. आपला रथ हे त्याच सभेचे चालते-फिरते रूप आहे, असे मी मानते. मग त्या रथामागे कोणाला जागा नाही असे म्हणताच येणार नाही.

एवढ्या मोठ्या गोष्टीचे घरापुरते काय करायचे? येत्या त्रयोदशीला शोभायात्रेतल्या बँडवाल्यांकडे, गाडी ओढणाऱ्यांकडे, नंतर रस्ता झाडणाऱ्या बायकांकडे नीट बघा. त्यांना पाणी आपण देतोच, प्रसादाची पुडीही देतो. या वर्षी आपल्या संघात एक गोष्ट बोलून बघा. त्यांनाही स्वामीवात्सल्याच्या त्याच पंक्तीत, त्याच ताटांत, आपल्याबरोबर बसवायचे. जेवण वाढायची बोली लावायची असेल तर खुशाल लावा. पंक्तीत बसायला मात्र बोली नको.