प्लग-इन हायब्रिड आणि पेट्रोल मोटारींची इंधन कार्यक्षमता

प्लग-इन हायब्रिड मोटार म्हणजे पेट्रोल इंजिन, विद्युत मोटर आणि बाहेरून चार्ज करता येणारी बॅटरी असलेले वाहन होय. साध्या हायब्रिडची लहान बॅटरी केवळ इंजिन आणि ब्रेक यांतून मिळणाऱ्या ऊर्जेवर भरते. प्लग-इन प्रकारात ती घरच्या विजेवरही भरता येते. चीनच्या बीवायडी कंपनीची एफ३डीएम (२००८) आणि अमेरिकेतील शेव्हरोले व्होल्ट (२०१०) ही या प्रकारातील सुरुवातीची वाहने होत. पेट्रोल मोटारीच्या तुलनेत या वाहनाचा लाभ रोजचे अंतर आणि नियमित चार्जिंग यांवर अवलंबून असतो.

कार्यक्षमतेतील फरक

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८.९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. शहरी वाहतुकीत इंजिन त्यातील बराचसा भाग उष्णतेच्या रूपाने गमावते. विद्युत मोटर मात्र मिळालेल्या विजेचा बहुतांश भाग चाकांपर्यंत पोहोचवते, तसेच ब्रेक लावताना काही ऊर्जा बॅटरीत परत साठवते. याउलट बॅटरी आणि दुहेरी यंत्रणेमुळे वाहनाचे वजन वाढते. बॅटरी रिकामी असल्यास हा भार पेट्रोलवर ओढावा लागतो.

युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार प्लग-इन हायब्रिड मोटारींचे रस्त्यावरील कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्यांच्या सरासरी साडेतीन पट आढळले. पेट्रोल मोटारींत ही तफावत सुमारे एक-पंचमांश होती. अपेक्षेपेक्षा कमी चार्जिंग हे याचे प्रमुख कारण मानले जाते.

कोल्हापूर परिसरातील उदाहरण

कोल्हापूरहून कागल येथील औद्योगिक वसाहतीत जाऊन परत येण्याचे अंतर सुमारे ४० किमी आहे. विजेवर ५० किमी धावणारी मोटार रोज रात्री चार्ज केल्यास हा प्रवास पेट्रोलविना होऊ शकतो. दर किलोमीटरला ०.२ किलोवॅट-तास धरल्यास त्यासाठी ८ युनिट वीज लागते. लिटरला १५ किमी धावणारी पेट्रोल मोटार याच अंतरासाठी २.७ लिटर, म्हणजे सुमारे २४ युनिटइतकी ऊर्जा वापरते.

कोल्हापूर ते पुणे हे अंतर सुमारे २३० किमी आहे. निघताना बॅटरी पूर्ण भरलेली असली, पण वाटेत वा पुण्यात चार्जिंग केले नाही, तर जाऊन-येऊन ४६० किमीपैकी सुमारे ४१० किमी पेट्रोलवरच कापावे लागतात. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ब्रेकमधून ऊर्जा परत मिळते. मात्र बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर ती साठवता येत नाही.

उत्सर्जन

भारतातील वीजनिर्मिती मुख्यतः कोळशावर अवलंबून असून एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो बाहेर पडतो. या हिशेबाने कागलच्या फेरीत विजेमागे ५.६ किलो, तर पेट्रोलमागे ६.२ किलो उत्सर्जन होते. म्हणजे मोटारीने वापरलेली ऊर्जा एक-तृतीयांशावर येऊनही उत्सर्जनात सुमारे एक-दशांशच घट होते, कारण उष्णतेचा मोठा अपव्यय औष्णिक वीजकेंद्रात आधीच झालेला असतो. मोटार घरच्या सौरविजेवर चार्ज केल्यास हा फरक बराच वाढतो. शहरातील रस्त्यांवर होणारे धुराचे प्रदूषण मात्र विजेवर धावताना टळते.