शोथ व तंत्रिकापकर्ष

तंत्रिका तंत्रातील (मज्जासंस्थेतील) शोथ म्हणजे दाहयुक्त सूज आणि अपकर्ष म्हणजे तंत्रिका कोशिकांचा क्रमाक्रमाने होणारा ऱ्हास. या दोन प्रक्रियांचा संबंध मल्टिपल स्क्लेरोसिस या विकाराच्या अभ्यासातून विशेष स्पष्ट झाला. या विकारात मेंदू व मेरुरज्जू यांमध्ये ठिकठिकाणी कठीण चट्टे पडतात व तंत्रिका तंतूंवरील मायेलीन हे वसामय आवरण नष्ट होते. दृष्टिमांद्य, बधिरता, तोल जाणे इ. लक्षणे प्रारंभी बहुधा येऊन ओसरतात. पुढे मात्र अनेक रुग्णांत विकलता कायमची होते.

चट्ट्यांची चित्रे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रॉबर्ट कार्सवेल व झां क्र्यूव्हेल्ये यांनी प्रसिद्ध केली. जर्मन विकृतिवैज्ञानिक एडुआर्ट रिंटफ्लाइश यांना १८६३ मध्ये चट्ट्यांच्या मध्यभागी रक्तवाहिनी व तिच्या ठायी शोथाची चिन्हे आढळली. पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयातील झां मार्तँ शार्को (१८२५–९३) यांनी १८६८ मध्ये विकाराचे सविस्तर वर्णन केले. आवरण नष्ट झाले, तरी आतील अक्षतंतू बहुतांशी टिकून राहतात, असे त्यांनी नोंदविले. पुढे याच निरीक्षणावर भर राहिल्याने अक्षतंतूंच्या हानीकडे दीर्घकाळ पुरेसे लक्ष गेले नाही.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये माकडांना सशाच्या मेंदूच्या अर्काची वारंवार अंतःक्षेपणे दिली. काही माकडांत मायेलीन नष्ट करणारा मस्तिष्कशोथ उद्‌भवला. शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच ऊतकावर उलटते, या कल्पनेला त्यामुळे आधार मिळाला. एल्व्हिन कॅबट यांना १९४२ मध्ये रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात गॅमा ग्लोब्युलिनाचे प्रमाण वाढलेले आढळले.

बीटा इंटरफेरॉन या औषधास १९९३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याने रोगाचे झटके कमी झाले; परंतु हळूहळू वाढणारी विकलता तितकीशी रोखता आली नाही. या विसंगतीचा उलगडा होण्यास १९९८ मध्ये ब्रूस ट्रॅप व सहकाऱ्यांच्या संशोधनाची मदत झाली. शोथ सक्रिय असलेल्या चट्ट्यांत असंख्य अक्षतंतू तुटलेले असतात आणि ही हानी रोगाच्या आरंभीही होते, असे त्यांनी दाखविले. शोथकारी कोशिकांतून नायट्रिक ऑक्साइडासारखी द्रव्ये बाहेर पडतात व कलकणूंचे (मायटोकॉन्ड्रियांचे) कार्य मंदावते; त्यामुळे उघडे पडलेले अक्षतंतू ऊर्जेअभावी मरतात. तुटलेला तंतू पूर्ववत होत नसल्याने उपचार लवकर सुरू करणे महत्त्वाचे ठरले. उत्तरावस्थेतील शोथ मस्तिष्कावरणांत व सूक्ष्मश्लेष कोशिकांत दबून राहतो. तेथे बहुतेक औषधांचा प्रभाव कमी पडतो. बी लसीका कोशिका घटविणाऱ्या ऑक्रेलिझुमॅब या औषधास २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. प्रारंभापासून वाढत जाणाऱ्या प्रकारातही त्याने विकलतेचा वेग काही अंशी मंदावतो.

आल्त्सहायमर व पार्किन्सन या रोगांतही शोथ आढळतो. तथापि आल्त्सहायमर रोगावर योजलेल्या नेहमीच्या शोथरोधक औषधांचा चाचण्यांत लाभ दिसला नाही. त्यामुळे शोथ हे अपकर्षाचे कारण आहे की परिणाम, याचा निर्णय प्रत्येक रोगाबाबत स्वतंत्रपणे करावा लागतो.