दातांना तार कधी?

दुधाचा दात पडायच्या आतच पक्का दात मागून डोकावला तर? पहिल्या शतकातल्या रोमन लेखक सेल्ससचा सल्ला स्पष्ट आहे: दुधाचा दात काढा आणि नवा दात रोज बोटाने दाबत जागेवर आणा. योग्य वेळ गाठण्याचा विचार इतका जुना आहे.

१७२८ साली पॅरिसच्या पिएर फोशारने आपल्या ग्रंथात वाकडे दात दोऱ्याने धातूच्या पट्टीला बांधून सरळ करण्याची रीत दिली. अमेरिकेत एडवर्ड अँगलने १८९९ मध्ये दातांच्या ठेवणीचं वर्गीकरण केलं, ते पहिल्या पक्क्या दाढेच्या आधारावर. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. जागेसाठी दात काढायला अँगलचा सक्त विरोध होता. त्याच्याच शिष्याने, चार्ल्स ट्वीडने, उपचार झालेल्यांचे दात पुन्हा बिघडलेले पाहिले आणि काही दात काढून उपचार सुरू केले. गुरूचं मत मोडायला धैर्य लागतं.

आज अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या दंतवैद्यांची संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करायला सांगते. बहुतेक मुलांना तार मात्र पक्के दात आल्यावर, दहा ते चौदाच्या दरम्यान बसते; वरचे दात खालच्यांच्या आत बसत असतील, तर कधीकधी आधीच. म्हणून सातव्या वर्षी मुलाला एकदा दाखवून आणाच.