नवा भिडू आणि जुना कायदा

बंगळुरूहून होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर शहर संपता संपता बोम्मसंद्रा लागतं. औषधांचे आणि यंत्रांचे कारखाने, नारायण हृदयालयाचं रुग्णालय, आणि 10 ऑगस्ट 2025 पासून मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचं शेवटचं स्थानक. याच रस्त्याने आणखी थोडं पुढे गेलं की अत्तिबेलेला कर्नाटक संपतं आणि तमिळनाडू सुरू होतं. मोबाइलवर पैसे लावून पोकर शिकू पाहणाऱ्यासाठी ही हद्द काही वर्षं भलतीच चंचल होती. नोव्हेंबर 2020 मध्ये तमिळनाडूने वटहुकूम काढून असे खेळ बंद केले. तेव्हा डाव अलीकडे चालायचा, पलीकडे गुन्हा ठरायचा. ऑगस्ट 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, आणि दोनच महिन्यांत कर्नाटकाने आपली बंदी आणली. पारडं फिरलं. फेब्रुवारी 2022 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तीही उडवली. एप्रिल 2023 मध्ये तमिळनाडूने नव्या कायद्याने पुन्हा दार लावलं, नोव्हेंबरात न्यायालयाने रमी आणि पोकरपुरतं ते पुन्हा उघडलं. या सगळ्या उलथापालथीत वाद एकाच प्रश्नावर झाला: हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा? कौशल्याचा असेल तर प्रतिष्ठित, नशिबाचा असेल तर जुगार. नुकताच पत्ते हातात घेतलेल्या भिडूच्या बाजूने मात्र हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्याच्या बाजूने पाहिलं तर उत्तर नेमकं उलटं येतं.

हा प्रश्न आपल्या कायद्यात रुजला तोही बंगळुरूच्याच एका छापखान्यामुळे. आर. एम. डी. चमारबागवाला यांचं ‘स्पोर्टिंग स्टार’ हे साप्ताहिक म्हैसूर संस्थानात, पुढे म्हैसूर राज्यात, बंगळुरूला छापलं जायचं. त्यातली बक्षिसांची शब्दकोडी मुंबई राज्यातले वाचक हौसेने भरायचे आणि प्रवेश फी भरून पाठवायचे. मुंबई सरकारचा 1948 चा बक्षीस-स्पर्धांवरचा कायदा बाहेर छापलेल्या अंकांना लागू नव्हता. 1952 मध्ये दुरुस्ती करून सरकारने त्यांनाही करात ओढलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 9 एप्रिल 1957 रोजी दोन निकाल लागले. एकात सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी ऋग्वेदापासून महाभारतापर्यंतचे दाखले देत जुगाराला व्यापाराचं संरक्षण नाकारलं. दुसऱ्यात न्यायालयाने म्हटलं की ज्या स्पर्धेत यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असतं, ती जुगार नव्हे. गंमत अशी की त्या कोड्यांना स्वतःला या सवलतीचा काही उपयोग झाला नाही. रिकाम्या घरांत दोन शब्द जवळजवळ सारखेच चपखल बसायचे आणि बरोबर कोणता ते चालकांनी आधीच ठरवलेलं असायचं, म्हणजे ज्याचं भाषाज्ञान दांडगं त्यालाही अंदाजच बांधावा लागायचा. कोडी गेली, कौशल्याची कसोटी राहिली.

दहा वर्षांनी ती पत्त्यांना लागली. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी चालते म्हणून पोलिसांनी खटला भरला होता. 1967 च्या निकालात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिलं की रमीत पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणता ठेवायचा आणि कोणता टाकायचा हे ठरवावं लागतं. तीन पत्त्यांच्या खेळासारखी ती निव्वळ नशिबाची नाही. आजवर रमीच्या प्रत्येक जाहिरातदाराने आणि वकिलाने याच निकालाचा आधार घेतला. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे: क्लबचालक या खेळातून नफा कमावतो असं दिसलं, तर गुन्हा होऊ शकतो. ती मात्र फारशी कुणी उचलली नाही. माझ्या मते दोन्हींपैकी जास्त दूरदृष्टीचं बोलणं तेच होतं.

पत्त्यांत कौशल्य असतं यावर वाद घालायची गरजच नव्हती. आपल्या मुलखाला ते कोर्टाच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. गोल पत्ते, लाखेचा लेप, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे एकूण 120 पानं. हुकूम नाही. निम्म्या रंगांत दश्शी प्रधानाखालोखाल मोठी, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यांत हलकी. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो उतारी करणार, रात्री असेल तर कृष्णाचा. कोणतं पान गेलं आणि कोणतं अजून दडलंय, हे ज्याला आठवेल त्याचा डाव. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडेयरांनी तर ‘श्रीतत्त्वनिधि’त असे कितीतरी खेळ नोंदवले, त्यांतला सगळ्यांत मोठा 360 पानांचा. हे सगळं शिकायला वेळ लागायचा, पण चुकलेल्या प्रत्येक पानाला खिशातून पैसे जायलाच हवेत असं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मराठी घरांतही तेच चालत आलं आहे: मेंढीकोटात गेलेली पानं मोजायला शिकायचं, चॅलेंजमध्ये पानं पालथी टाकून निर्विकार चेहऱ्याने खोटं बोलायला. पोकरला लागणारी दोन्ही अंगं तीच. हरलेल्याने पुढचा डाव पिसायचा, एवढीच काय ती शिक्षा.

पोकर हा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या बोटींवर वाढलेला खेळ. त्यातही कौशल्य आहेच. जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 मध्ये अशाच खेळांवरून गणिताची एक नवी शाखा सुरू केली आणि पुढे ब्लफ कधी आणि किती वेळा करावा याचा हिशेब मांडून दाखवला. 2010 च्या जागतिक पोकर मालिकेचे आकडे तपासून स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स यांना दिसलं की आधीपासून कसलेले म्हणून ओळखले जाणारे खेळाडू लावलेल्या पैशावर 30 टक्क्यांहून जास्त कमावून गेले, आणि बाकीच्यांनी सरासरी 15 टक्के गमावले. कौशल्य सिद्ध करायला हा अभ्यास पुढे केला जातो. त्यातला दुसरा आकडा मात्र नवशिक्याचा आहे. निव्वळ नशिबाच्या खेळात नवखा आणि उस्ताद सारखेच हरतात. कौशल्याच्या खेळात नवख्याने हरणं हा अपघात नसतो, तो नियम असतो. आणि तो नियम लवकर कळत नाही, कारण एकेका डावात नशीब त्याला झाकून ठेवतं. टेक्सस होल्डेम या प्रकारात एकाकडे एक्का-राजा आणि दुसऱ्याकडे वेगवेगळ्या रंगांची सत्ती-दुर्री असेल, तर पाचही पानं उघडेपर्यंत थांबल्यास साधारण तीनातून एकदा सत्ती-दुर्रीच जिंकते. त्या एका डावाने नव्या भिडूला आपण शिकलो असं वाटतं. वर प्रत्येक पैजेतून चालकाचा ‘रेक’ कापला जातो, म्हणजे दोन अगदी सारखे नवखे समोरासमोर बसले तरी काही तासांनी दोघांचे मिळून पैसे कमी झालेले असणार. खेळ जितका जास्त कौशल्याचा, तितकी नव्याची फी मोठी. कायद्याने मात्र हीच गोष्ट निरुपद्रवीपणाचा पुरावा मानली.

कर्नाटकात 2013 मध्ये उच्च न्यायालयाने कौशल्याचा खेळ म्हणून पोकर खेळायला परवाना लागत नाही असं म्हटलं. 2021 च्या दुरुस्तीने पैसे लावलेले कौशल्याचे खेळही गुन्ह्यात आले. शर्यतीचे घोडे मात्र शिताफीने सुटले. 14 फेब्रुवारी 2022 ला ही दुरुस्ती रद्द झाली, आणि तोवर रुळलेल्या कायद्याच्या चौकटीत तो निकाल सुसंगतच होता. उणीव चौकटीत होती. क्लबात टेबल एक, माणसं सहा-सात, आणि रात्री दिवे मालवले की खेळ संपायचा. फोनवरचा डाव संपायचाच नाही. समोर चार टेबलं एकदम मांडून बसलेला कसलेला खेळाडू नव्याला दिसायचाही नाही, आणि पैसे यूपीआयने दोन सेकंदांत जायचे.

यावर एक हरकत रास्त आहे: असं म्हटलं तर शेअर बाजारही बंद करा. सेबीच्या 2024 च्या अभ्यासात फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तीन वर्षांत तोट्यात होते. तिथे सेबीने व्यवहाराचा किमान आकार वाढवला, साप्ताहिक करारांची संख्या कमी केली. म्हणजे नवख्याची फी हाच प्रश्न धरून नियम केले. पत्त्यांच्या बाबतीत देशभर असं काही करून पाहण्याआधीच दोन टोकं गाठली गेली. दुसरी हरकत अशी की पैसे नसतील तर ब्लफला अर्थच उरत नाही. हे खरं आहे, पण अर्धंच. ब्लफ करायला काहीतरी गमावण्याची भीती लागते, पगार गमावण्याची लागत नाही. ठरावीक प्रवेश फीची स्पर्धा, जिच्यात त्यापलीकडे एक रुपयाही जात नाही, तेवढी भीती पुरवते.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर सरसकट बंदी घातली. कौशल्य की नशीब हा 1957 पासूनचा प्रश्न या कायद्याने बाजूलाच ठेवला. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. बोम्मसंद्रा आणि अत्तिबेलेपलीकडचा मुलूख आता एका नियमाखाली आले. नवख्याकडे पहिल्यांदा पाहिलं गेलं हे मान्य, पण फोनवर खोट्या चकत्यांवर शिकायचं किंवा शिकायचंच नाही, असे दोनच रस्ते उरले. पैसे लावून शिकायचंच असेल तर पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटी आहेत. तिथेही रेक कापला जातो आणि समोर कसलेलेच बसलेले असतात. कायद्याविरुद्ध वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत, कर्नाटकातही, याचिका दाखल झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या स्वतःकडे घेतल्या. कंपन्यांचा भर पुन्हा कौशल्यावरच आहे, आणि आधाराला पुन्हा 1967 चा तोच निकाल, क्लबचालकाच्या नफ्याबद्दल जे म्हटलं होतं ते वगळून.