प्रथिन-घड्या, नैसर्गिक : शोधाची पूर्णता

सजीवांतील प्रथिनांची साखळी त्रिमितीत ज्या ठरावीक ठेवणींत दुमडते, त्यांना घड्या म्हणतात. अल्फा-सर्पिले आणि बीटा-पट्ट्या कोणत्या क्रमाने येतात, कोणत्या दिशेने जातात आणि एकमेकींना कशा जोडल्या जातात, यावरून घडी ठरते. निसर्गातील सर्व घड्या हाती आल्या आहेत का, याचे उत्तर प्रथिनांच्या प्रकारानुसार बदलते. पाण्यात विरघळणाऱ्या आणि सहज स्फटिक होणाऱ्या प्रथिनांपुरते ते बहुतांशी होकारार्थी आहे. पटलात रुतलेल्या प्रथिनांविषयी तसे म्हणता येत नाही.

गणना : सायरस चोथिया यांनी १९९२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रथिनांची कुले सुमारे एक हजार असावीत, असा अंदाज मांडला. १९९५ मध्ये ‘स्कॉप’ आणि पुढे ‘कॅथ’ ही घड्यांची वर्गीकरणे आली. ‘स्कॉप’च्या २००९ च्या आवृत्तीत १,१९५ घड्या आहेत. ‘कॅथ’चा आकडा वेगळा आहे, कारण दोन घड्यांमधली सीमा तिथे वेगळ्या ठिकाणी धरली जाते. त्यामुळे नुसता आकडा सांगून पूर्णता सिद्ध होत नाही.

पुण्यातील काम : पेनिसिलिनची बाजूची साखळी तोडून अर्धसंश्लेषित प्रतिजैविकांचा कच्चा माल मिळवण्यासाठी ॲसिलेज विकरे वापरतात. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि या भागात पेनिसिलिन हा कारखानदारीचा विषय झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एच. शिवरामन, ए. व्ही. पुंडले आणि सी. जी. सुरेश यांनी बॅसिलस स्फेरिकस या जिवाणूतील पेनिसिलिन-व्ही ॲसिलेजचा अभ्यास केला. यॉर्कच्या गाय डॉड्सन यांच्या गटाबरोबर केलेली त्याची स्फटिकरचना १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. पेनिसिलिन-जी ॲसिलेजची रचना त्याआधी, १९९५ मध्ये, कळली होती. दोन्ही विकरांच्या ॲमिनो अम्लांच्या क्रमात नाव घेण्याजोगे साम्य नाही. पेनिसिलिन-जी ॲसिलेजमध्ये क्रियाशील टोकाला सेरीन आहे, तर पेनिसिलिन-व्ही ॲसिलेजमध्ये सिस्टीन. आणि हे सिस्टीन सुरुवातीचे काही घटक कापले गेल्यावरच उघडे पडते. असे असूनही दोन्हींत मध्ये बीटा-पट्ट्यांचे दोन थर आणि बाहेरून सर्पिलांचे दोन थर अशी एकच ठेवण आहे. प्रोटिओसोममध्येही तीच घडी आहे. क्रम वाचून जे नवे वाटते ते रचना पाहिल्यावर जुने निघते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो. घड्यांच्या चर्चेत या कामाला याहून मोठे स्थान मिळायला हवे.

फणस : फणसाच्या बियांतील जॅकलिन या लेक्टिनाची रचना एम. विजयन यांच्या बंगळुरूच्या गटाने १९९६ मध्ये दिली. त्यातील बीटा-प्रिझम घडी लेक्टिनांत नवी होती. पण बीटी जिवाणूच्या कीटकनाशक प्रथिनात तिची नोंद १९९१ मध्येच झालेली होती.

कोपरगाव : कोळपेवाडी व सहजानंदनगर येथील सहकारी साखर कारखान्यांच्या आसवनीत उसाच्या मळीपासून मद्यार्क होतो. मळीतील साखर आधी यीस्टचे इन्व्हर्टेज फोडते. हे विकर बेर्तलो यांनी १८६० मध्ये वेगळे केले. त्याची रचना मात्र २०१३ मध्ये कळली. त्यातील पाच पात्यांची घडी इतर विकरांत आधीच माहीत होती. नवी गोष्ट एवढीच, की इन्व्हर्टेजचे आठ रेणू एकत्र जुळून बसतात.

संगणकीय भाकिते : ‘अल्फाफोल्ड’च्या भांडारात २०२२ मध्ये २० कोटींहून अधिक भाकीत रचना आल्या. त्यांतून वेगळ्या काढलेल्या सुमारे ३६.५ कोटी खंडांच्या २०२४ च्या अभ्यासात हजारो संभाव्य नव्या घड्या दाखवल्या आहेत. प्रयोगाने पडताळा होईपर्यंत त्यांना घड्यांच्या यादीत घेऊ नये.

मानवनिर्मित घड्या : ‘टॉप-७’ (कुलमन, बेकर व सहकारी, २००३) या ९३ ॲमिनो अम्लांच्या मानवनिर्मित प्रथिनाची ठेवण निसर्गात तोवर दिसलेली नव्हती.